नटण्याचा हिशेब

गौरी बसवायच्या दिवशी घड्याळाकडे कोणी बघत नाही. पितळी मुखवटे चिंच लावून लख्ख होतात, निऱ्या मनासारख्या पडेपर्यंत पुन्हा पुन्हा सोडून घातल्या जातात, मग ठुशी, नथ, गजरा. अर्धा दिवस त्यात जातो आणि सगळे हात जोडून म्हणतात, काय रूप आलंय! त्याच संध्याकाळी घरातली मुलगी हळदीकुंकवाआधी आरशासमोर जरा रेंगाळली, की बाहेरून हाक येते, "आटपला का नट्टापट्टा?"

नटणं आपल्याला आवडतंच. फक्त ते कोणासाठी चाललंय, हे आधी पाहून आपण निकाल देतो. देवीसाठी असेल तर भक्ती, लग्नात असेल तर रीत, रंगमंचावर असेल तर कला. स्वतःसाठी केलं की नखरे.

संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचंच पाहा. १९११ साली 'मानापमाना'त ते भामिनी झाले, १९१६ साली 'स्वयंवरा'त रुक्मिणी. उंची शालू, दागदागिने, अत्तरं यांवर त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीचा पैसा पाण्यासारखा वाहिला, कंपनी कर्जात बुडाली. तरी त्या हौसेला महाराष्ट्राने उधळपट्टी म्हणण्याआधी साधना म्हटलं. त्यांचं साडी नेसणं, गजरा माळणं पाहून घरंदाज बायका तसं नटू लागल्या. बाईने कसं दिसावं याचा धडा एका पुरुषाने द्यावा आणि त्याच्यावर सारा गाव लुब्ध व्हावा, पण खऱ्या बाईने तसंच नटून रंगमंचावर पाऊल टाकलं तर तिच्या घरंदाजपणावर बोट ठेवलं जावं, असा तो काळ.

आता काळ बदलला, पण सगळ्यात मोठी दाद अजून तीच आहे: "काहीच न करता किती छान दिसतेस!" म्हणजे कर सगळं, फक्त सापडू नकोस.

हा नियम मुंबईच्या लोकलमधल्या लेडीज डब्याने केव्हाच मोडीत काढलाय. काजळाची रेघ गाडी स्टेशनात थांबली की ओढायची आणि लिपस्टिक वळणावर लावायची नाही, हे तिथे सगळ्यांना पाठ असतं. कोणी हसत नाही. उलट शेजारीण न मागता पिन काढून देते, समोरची पदर सारखा करते. घर, डबे, पाणी उरकून आलेल्या बाईचं हे शेवटचं काम आहे, हे त्या डब्याला कळतं.

दादरला उतरून ती ऑफिसात पोचते, तेव्हा कोणीतरी म्हणतंच, "तुला काय, देवानेच दिलंय!" देवाला त्याचा वाटा जरूर द्यावा. पहाटे उठणारीचा मात्र तिच्याच नावावर मांडावा.