अंगणातील शाळा

गतवर्षी कपाशीची वेचणी सुरू झाली आणि माझ्या वर्गातील एक मुलगी दिसेनाशी झाली. सातवीतली, खेड्याहून एस.टी.ने येणारी, अक्षर अतिशय सुरेख. हजेरीपटावर तिच्या नावापुढे सलग अकरा दिवस गैरहजेरी पडली, तेव्हा मी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासाविषयी अनास्था’ असा शेरा लिहिला. असे शेरे लिहिण्यास शाई फारशी लागत नाही. पुढे एका रविवारी उपासना आटोपून मी अमळनेर तालुक्यातील तिच्या गावी गेले, तो ती बांधावरच्या निंबाखाली धाकट्या भावाची झोळी हलवीत बसलेली. मांडीवर भूगोलाचे पुस्तक उघडे. आई ओटीत कापूस घेऊन आली व म्हणाली, ‘बाई, या धाकलाले कोन संभाळी?’ मजजवळ उत्तर नव्हते.

परतताना मला ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांचे स्मरण झाले. परीक्षेसाठी त्यांची नावे मी एके काळी घोकली होती. त्यांनी काय केले ते त्या दिवशी समजले म्हणावयाचे. ताराबाईंनी १९२६ साली गिजुभाई बधेका ह्यांच्या सहकार्याने नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी खेड्यातील मुलांसाठी केंद्र काढले. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई तेथे त्यांस येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, परंतु गोरगरिबांची मुले येईनात. तेव्हा बोलावणी धाडीत न बसता ह्या दोघी त्यांच्या वस्तीत गेल्या व त्यांच्याच अंगणात शाळा भरवू लागल्या. आज गावोगावी असलेल्या अंगणवाडीचे मूळ तेथे आहे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती पुष्कळ मागाहून, २ ऑक्टोबर १९७५ रोजी.

बोर्डीहून हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुली धाकटी भावंडे कडेवर घेऊन फिरत. त्यांस शाळेत आणावयाचे तर कडेवरचे मूलही आणणे प्राप्तच होते. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. जी मुले गुरे राखीत, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. महागडी साधने नकोत म्हणून शिंपले, खडे, बिया व पाने ह्यांवर मोजणी शिकविली. हरवलेल्या मेंढराच्या शोधार्थ निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टान्त मी कित्येकदा मुलांस सांगितला आहे. माझा मेंढपाळ मात्र हजेरीपट घेऊन गोठ्याच्या दारातच उभा होता.

संस्था म्हटली की आपणांस प्रथम अध्यक्ष, चिटणीस, पावतीपुस्तक व फलक ह्यांची चिंता पडते. आम्ही पाच आया व मी नाताळच्या सुटीत ओट्यावर बसलो, तेव्हा ह्यांपैकी काहीच नव्हते. गावच्या अंगणवाडीतील वर्ग तीन वर्षांपुढील मुलांचा. झोळीतल्यांचे काय, एवढाच प्रश्न होता. शेतकाम न झेपणाऱ्या एका आजीबाईंनी लहानग्यांस दिवसभर सांभाळावे व आयांनी आपल्या मजुरीतून त्यांस थोडेथोडे द्यावे, असे ठरले. ‘पोर राखण्यास पैसे कसले?’ असे एक पालक म्हणाले. (ते हा अंक वाचतील, त्यांचा राग नसावा.) पहिल्याच आठवड्यात एका बाळास जुलाब झाले आणि दोघींनी आपली मुले काढून नेली. त्यानंतर आम्ही पाणी उकळून देऊ लागलो. हे आधीच सुचावयास हवे होते. त्यांतील एक परत आली, दुसरी आली नाही.

माझी विद्यार्थिनी जानेवारीत वर्गात आली. तिच्या प्रगतिपुस्तकातील शेरा मी तिच्यादेखत खोडला. खाली काय लिहिले होते ते अजून वाचता येते.

यंदाची वेचणी सुरू झाली आहे. आजीबाईंच्या खोलीत सहा झोळ्या टांगल्या आहेत; सहावीसाठी लुगडे त्या मुलीच्या आईने आणून दिले.