पडद्यावरचा राजवाडा

बडोद्यास जाऊन लक्ष्मी विलास राजवाडा न पाहता परतणारा पाहुणा विरळा. १८९० साली पूर्ण झालेली ही वास्तू आमच्या नातवंडांना मात्र परिचित होती ती १९८२ च्या ‘प्रेमरोग’ चित्रपटामुळे. त्याचे काही चित्रीकरण येथे झाले होते. आवारातच, राजपुत्रांच्या जुन्या शाळेत, १९६१ पासून महाराजा फत्तेसिंग संग्रहालय आहे. राजा रविवर्मा यांच्या मूळ चित्रांपुढे आम्ही बराच वेळ रेंगाळलो.

बाहेर पडताना नातीने विचारले, “आजोबा, विधवेचे लग्न सिनेमातच होत असे का?”

आम्ही सांगितले, की हा राजवाडा बांधणाऱ्या सयाजीराव महाराजांनीच विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या राज्यात विधवाविवाहाचा कायदा केला होता. परंतु दांडिया बाजारातील आमच्या घराचा उंबरठा त्या कायद्याने ओलांडला नाही. आजीच्या धाकट्या जाऊबाईंना अकराव्या वर्षी वैधव्य आले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी माजघरात काढले.

नात गप्प झाली. थोड्या वेळाने तिने त्यांचे नाव विचारले. आम्हांस ते आठवेना. घरात सर्वजण त्यांना ‘काकू’च म्हणत. राजवाडा पाहून परतताना हीच रुखरुख आमच्या मनास लागून राहिली.