मुखेडचें अंगण

यंदा ज्येष्ठांत थोरल्या भगिनीच्या भेटीस नांदेड जिल्ह्यांतील मुखेडास जाण्याचा योग आला. बालाघाटाच्या डोंगराळ मुलखांतील हें तालुक्याचें गांव. येथील दशरथेश्वराचें चालुक्यकालीन शिवालय ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं अवश्य पाहावें; भिंतींवरील सुरसुंदरींच्या मूर्ति पाहतां पाहतां दोन घटका सहज निघून जातात. परंतु आज सांगावयाचें आहे तें देवळाविषयीं नव्हे, तर एका अंगणाविषयीं.

अक्काचें घर जुन्या वळणाचें. माळवद, ओसरी, पुढें मातीचें अंगण, मध्यें तुळशीवृंदावन व कोपऱ्यांत आड. मी पोंचलों तों वृंदावनाशेजारीं सिमेंटच्या गट्टूंची रास पडलेली. भाच्यानें मोटार घेतली होती. ती चिखलांत रुतूं नये म्हणून सबंध अंगण झांकून टाकावयाचें ठरलें होतें.

“अरे, मग सडा कुठें घालूं? आणि आडाला पाणी कोठून येईल?” अक्का म्हणाली.

“मामा, गाडी गल्लींत ठेवली तर लोक बोल लावतात. गाडी आपल्याच जागेंत ठेवावी, असा तर नियमाचाही रोंख आहे,” भाचा म्हणाला.

त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. राज्याची २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली नगरपरिषदांनाही लागू आहे, आणि नव्या बांधकामास वाहनांची जागा ती आवारांतच मागते. पण तीच नियमावली ५०० चौरस मीटर वा अधिक जागेवरील नव्या बांधकामास पावसाचें पाणी सांठविण्याची वा मुरविण्याची सोयही करावयास लावते. अक्काची जागा लहान, घर जुनें. तिला ही अट लागत नाहीं. इंग्लंडांत मात्र २००७ च्या पुरांनंतर लहान अंगणांकडेही लक्ष गेलें. ऑक्टोबर २००८ पासून तेथें घरापुढें ५ चौरस मीटरांहून अधिक जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालून पाणी रस्त्यावर सोडावयाचें असेल तर परवानगी घ्यावी लागते.

मीं भाच्यास हिशेब करावयास बसविलें. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. अंगण ६० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ३,००० लिटर, म्हणजे पंधरा लिटरांच्या दोनशें घागरी! त्या सर्व उतारावरील समोरच्या आजींच्या उंबऱ्याशीं जावयाच्या. ऑगस्ट २०२५ मध्यें याच तालुक्यांतील हसनाळ, रावणगांव आदि गांवांस रात्रींतून पुरानें वेढलें. तो दोष कोणाच्या अंगणाचा नव्हे. परंतु पाण्यास वाट व जागा लागते, हा धडा येथें कोणास नव्यानें शिकवावयास नको. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत भूगर्भांतील जलाविषयीं ‘दकार्गल’ हा स्वतंत्र अध्याय घातला. देहांत शिरा असतात तशा भूमींत जलशिरा असतात, हें त्याचें सांगणें. त्या शिरांचें तोंड आपणच कां बांधावें?

शेवटीं तोड निघाली. चाकांपुरते शाहाबादी फरशीचे दोन पट्टे, खालीं मुरूम. मध्यें दूर्वा, बाकी माती तशीच. उतार गल्लीकडे न देतां आडापासून दूर खणलेल्या शोषखड्ड्याकडे दिला, कारण गाडीचें तेल पाण्यांत उतरतें. गट्टू परत गेले. खर्चही कमी झाला.

आषाढांत अक्काचा फोन आला. रात्रभर पाऊस झाला होता. गाडी रुतली नव्हती, समोरच्या आजींचा उंबरा कोरडा होता, आणि सकाळीं तिनें नेहमींप्रमाणें वृंदावनापुढें रांगोळी घातली होती.