चार स्कोपची परीक्षा

मे महिन्याच्या सुट्टीत चार-सहा दिवस कुंभवलीला आपाकडे जायचे, हा माझा दरवर्षीचा नेम. बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षा पकडली की थोड्याच वेळात तारापूर एमआयडीसीचा वास नाकाला कळतो. बाहेरच्या माणसाला तो सहन होत नाही. आपाला मात्र तो येतच नाही. कारखान्यांच्या भिंती संपतात न संपतात तोच गाव सुरू होते. पश्चिमेला नवापूरचा समुद्र, उत्तरेला तारापूर. तिथे १९६९ पासून देशातले पहिले अणुवीज केंद्र चालू आहे. मधल्या पट्ट्यात ताडाची झाडे, भाड्याच्या चाळी आणि देशभरातून कामाला आलेली माणसे. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, पण इथला माणूस आजही ‘कुठला’ म्हणून विचारले तर आधी ‘बोईसरचा’ म्हणतो.

या वेळी मात्र मी नेम म्हणून गेले नव्हते. आपाने फोन करून बोलावले होते. “तू शिक्षिका आहेस. तूच समजाव आता याला.”

भाचा बारावी सायन्सची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. परीक्षेनंतर एअर रायफल घेऊन देईन, असे त्याच्या अब्बांनी कबूल केले होते आणि दिलीही. साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नळी नसेल आणि जोर २० ज्यूलपेक्षा जास्त नसेल, तर अशा रायफलीला परवाना लागत नाही. अडचण पुढे सुरू झाली. भाच्याने आणि त्याच्या दोन दोस्तांनी मोबाइलवरून स्वस्तातले स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी, मागवल्या. एकूण चार. कुणाचा चांगला यावरून पैज लागली. आधी डबे झाले, मग बाटल्या झाल्या आणि एका संध्याकाळी चिंचेवरची साळुंकी खाली आली. ती लगेच मेली नाही. आपाने तिला टोपलीखाली ठेवून पाणी पाजले. पहाटे फज्रला उठून पाहिले तर गेलेली.

शेजारच्या काकांनी आपाला सांगितले, “पोराला आवरा.” ते भल्यासाठीच म्हणाले. पण आपाच्या मनात भीती बसली. मला म्हणाली, “आपला मुलगा बंदूक घेऊन दिसला की लोक आधी नाव विचारतात. मी ती विहिरीत टाकते.”

ही भीती खोटी आहे, असे मी तिला सांगू शकले नाही. आपल्या घरांतल्या आयांना ती समजावून सांगावी लागत नाही.

भाच्याला मी रागावले नाही. साळुंकीचे त्याला लागले होते, हे त्याच्या तोंडावरून दिसत होते. मी त्याला हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांचा प्रसंग सांगितला. काही तरुण एक पक्षी बांधून त्यावर नेम धरत होते. इब्न उमर येताना दिसताच ते पांगले. तेव्हा त्यांनी सांगितले की, सजीवाला निशाणा बनवणाऱ्यावर अल्लाहच्या रसूलांनी (स.) लानत केली आहे. आणि त्याच रसूलांनी (स.) तिरंदाजी शिकण्याचा आग्रहही धरला आहे, ताकद कशात आहे हे सांगताना नेमबाजीचेच नाव घेतले आहे. दोन्ही गोष्टी एकाच दीनमध्ये आहेत. देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि परवाना नसलेल्या एअरगननेही रानपक्षी मारला तर तो गुन्हाच ठरतो.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “खाला, मग नेम धरायचा कुठे?”

प्रश्न योग्य होता. नुसते ‘करू नको’ म्हणून मी तरी कोणते मूल सुधारताना पाहिले आहे? माझ्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना फोन केला. त्यांच्या ओळखीने पनवेलच्या बाजूच्या एका रेंजवर एका दिवसाची परवानगी मिळाली. तिथल्या सरांनी दोन अटी घातल्या: ओळखपत्र हवे आणि रायफल आणायची नाही. “फक्त स्कोप आणा. रायफल आमची वापरू.” आपाचा जीव भांड्यात पडला. खांद्यावर बंदूक नाही, नुसता डबा आणि चार छोटी खोकी.

बोईसरहून सकाळची गाडी पकडून वसई रोड, तिथून पनवेलची मेमू. वैतरणेच्या पुलावर खाडी दिसली की डब्यातले सगळे आपोआप खिडकीकडे पाहतात, तसे आम्हीही पाहिले. पुढे कामण, भिवंडी रोड, कोपर. भिवंडीची गोदामे मागे पडेपर्यंत भाच्याने वहीत तक्ता आखून ठेवला होता: स्कोप, किंमत, पाच छऱ्यांचा फैलाव, शेरा. शिक्षिकेचा भाचा शोभतो, म्हटले.

रेंज म्हणजे एक लांबट हॉल. एका टोकाला टेबले, दहा मीटरवर कागदी टार्गेट. आत पाऊल टाकताच सरांनी नियम सांगितले. रायफल भरलेली असो वा रिकामी, नळी नेहमी टार्गेटकडेच. नेम धरल्याशिवाय बोट चापावर जाणार नाही. ‘थांबा’ म्हटले की सगळे थांबणार आणि सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्याशिवाय कुणीही टार्गेटकडे जाणार नाही. मला हे ओळखीचे वाटले. मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना त्यांची टोके धरून ठेवावीत, भावाकडे हत्यार रोखू नये, थट्टेतही नाही, हे आपण लहानपणी ऐकलेले असते. भाच्यानेही माझ्याकडे पाहिले. चिंचेखाली यातला एकही नियम नव्हता.

शेजारच्या लेनमध्ये तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी सराव करत होती. तिच्या रायफलीवर स्कोप नव्हता. भाच्याने विचारले, तसे सर हसले. “दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. ऑलिंपिकमध्येही नाही. मागे एक बारीक भोक, पुढे एक कडे, बस. त्याला पीप साइट म्हणतात.” टार्गेटचा सगळा गोल साडेपंचेचाळीस मिलिमीटरचा आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. भाच्याचा चेहरा उतरला. ज्या वस्तूसाठी पैज लावली, ती खेळात चालतच नाही! पण सर म्हणाले, “आणलेत तर तपासू. विकत घेतलेली वस्तू कळली पाहिजे.”

नळी मोडून भरायची एक जुनी स्प्रिंगची रायफल त्यांनी काढली आणि वाळूच्या पिशव्यांवर टेकवली, म्हणजे हाताचा दोष स्कोपच्या माथी जाणार नाही. सर म्हणाले, अशी रायफल स्वस्त स्कोपची वैरी असते. चाप ओढला की आतली स्प्रिंग सुटते. रायफल आधी मागे धक्का देते आणि लगेच पुढे. मोठ्या बंदुकीचा धक्का फक्त मागे असतो, त्यामुळे तिथे टिकणारी काचसुद्धा इथे ढिली पडू शकते.

पहिला स्कोप सातशे रुपयांचा, चार पट मोठे दाखवणारा, बोटाएवढ्या जाड नळीचा. पहिले पाच छरे नाण्याएवढ्या जागेत बसले. भाचा खूश. पंधराव्या छऱ्यापर्यंत आतली फुली तिरपी झाली आणि छरे दोन इंच खाली जाऊ लागले. वहीत शेरा: नापास.

दुसरा बाराशेचा, तोही चार पटीचा, पण पुढची काच मोठी. चित्र स्वच्छ. सरांनी भाच्याला रायफलीला हात न लावता नुसता डोळा डावी-उजवीकडे हलवायला सांगितला. फुली टार्गेटवरून सरकताना दिसली. असे स्कोप कारखान्यात लांबच्या अंतरासाठी जुळवलेले असतात. दहा मीटरवर डोळ्याची जागा जरा बदलली की नेम बदलतो. गाल दर वेळी दस्त्यावर एकाच जागी टेकवला तर चालून जाते. पाच छऱ्यांचा फैलाव चौदा मिलिमीटर. पास.

तिसरा चोवीसशेचा. तीन ते नऊ पट, आत लाल-हिरवा दिवा, दिसायला सगळ्यांत देखणा. नऊ पटीवर दहा मीटरवरचा कागद धुक्यात गेल्यासारखा दिसला. मग सरांनी चौकोनाची चाचणी सांगितली. स्कोपच्या एका ‘टिक’ने नेम शंभर मीटरवर सुमारे सात मिलिमीटर सरकतो. “मग दहा मीटरवर?” मी विचारले. “शून्य पूर्णांक सात,” भाचा म्हणाला. म्हणजे वीस टिकांना साधारण चौदा. वीस टिका वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे. प्रत्येक कोपऱ्यावर एक छरा आणि शेवटचा छरा पहिल्याच भोकात परत आला पाहिजे. तो आला नाही. अकरा मिलिमीटर दूर पडला. पुन्हा केले, आठ मिलिमीटर. ज्या स्कोपला परतीची वाट सापडत नाही, त्याचा दिवा काय कामाचा? नापास.

चौथा अडतीसशेचा. पुढच्या काचेभोवती अंतर जुळवायचे कडे होते, ते दहावर आणताच कागदाचे तंतू दिसू लागले. पण छरे भलतीकडेच! भाचा रडवेला झाला. सरांनी स्कोप हलवून पाहिला. तो ज्या पकडीत बसतो, तिचेच पेच ढिले होते. आवळले आणि तोच स्कोप चौकोन पुरा करून जवळजवळ पहिल्या भोकात परतला. सर म्हणाले, लोक ज्या स्कोपांना खराब म्हणून फेकून देतात, त्यातल्या बऱ्याच जणांत दोष पेचांचाच असतो.

मग पिशव्या बाजूला काढून त्याला उभ्याने, हातात धरून नेम घ्यायला लावला. चौथ्या स्कोपने दहा छऱ्यांचा फैलाव सहा सेंटिमीटर. स्कोप काढून साध्या माशीने सात सेंटिमीटर. तक्त्याकडे पाहून तो स्वतःच हसला. “खाला, अडतीसशे रुपयांत एक सेंटिमीटर आला.” नऊ पटीवर त्याला स्वतःच्या नाडीचे ठोके फुलीत उडताना दिसले होते. शेजारच्या मुलीचा कागद सरांनी दाखवला. काच नाही, दिवा नाही. दहा छऱ्यांचे मिळून एकच फाटके भोक. ती तीन वर्षे रोज येते, शाळा सुटल्यावर.

जोहरची वेळ झाली. चौकीदारांनी व्हरांड्यातला एक कोपरा झाडून दिला. नमाजनंतर डबा खाताना सरांशी खर्चाचे बोलणे झाले. स्पर्धेची परदेशी रायफल लाखांत जाते, म्हणून कुणी आधी रायफल घेऊ नये. क्लबची रायफल वापरावी, वर्षभर हात आणि श्वास तयार करावा, मग पाहावे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. सुमा शिरूर तर याच पनवेल परिसरात मुले घडवतात. आणि खुर्जासारख्या गावातल्या मैराज अहमद खान यांनी २०२२ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात स्कीटचे सुवर्ण मिळवले. हे शेवटचे नाव मी मुद्दाम घेतले. घरी जाऊन ते आपाला सांगायचे होते.

परतताना गाडीत तो फारसा बोलला नाही. कोपर गेल्यावर म्हणाला, “साळुंकी स्कोपमधून फार जवळ दिसली होती. डोळ्याभोवतीचा पिवळा रंगसुद्धा. तरी चाप ओढला.” मी काही बोलले नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आपाने रायफल विहिरीत टाकली नाही. ती कपाटात आहे, किल्ली तिच्याकडे. आसपास कुठे क्लब आहे याची चौकशी त्याचे अब्बा करत आहेत. तोवर चिंचेखाली काही नाही. हे ठरवताना भाचाही बसला होता, हे महत्त्वाचे. पहिल्या दोन स्कोपच्या मालकांना तक्ता दाखवण्यात आला. शेजारचे काका चिंचणीच्या एका कारागिराकडे दागिन्यांचे डाय कोरायचे काम करतात. त्यांनी भिंगातून चौथ्याची काच पाहून ‘चांगली आहे’ म्हटले. त्यांच्या त्या बोलण्याने आपाचे मन बरेच हलके झाले.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी जिल्हज्जच्या चाँदची २९ तारीख होती. आम्ही सगळे गच्चीवर गेलो. भाच्याने चौथा स्कोप, नुसता, हातात आणला होता. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत मी त्याला तो डोळ्याला लावू दिला नाही. भिंगातून सूर्य पाहिला तर डोळा कायमचा जातो. मग तो नऊ पटीवर पश्चिमेचे आकाश शोधू लागला. कारखान्यांचा धूर, ताडाचे शेंडे, एका ओळीत परतणारे बगळे. बगळ्यांवर तो बराच वेळ थांबला.

“तो बघ,” आपा म्हणाली. ताडाच्या डावीकडे, धुराच्या जरा वर, नखाएवढा. तिला तो साध्या डोळ्यांनी दिसला होता. आम्ही सगळ्यांनी दुआसाठी हात उचलले. भाच्याने स्कोप कठड्यावर ठेवला, मग त्यानेही.