उजवा खांदा

तर मंडळी, गेल्या मे महिन्यात अस्मादिकांचं लग्न झालं. पारोळ्यात. ज्यांना खानदेश माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा हवेत नवरदेवाने सूट घालावा ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो नक्कीच खानदेशी नसणार. पण "रिसेप्शनला साधा कुर्ता घालतो" म्हटल्यावर आईचा चेहरा असा काही झाला की मी विषय तिथेच सोडला. खरं तर आमच्याकडे नवरदेवाचा सूट मुलीकडच्यांनी करायची पद्धत. ती मी आणि हिने आधीच मोडीत काढली होती, त्यामुळे खर्च आणि कटकट दोन्ही माझ्याकडे.

आधी पुण्यात रेडीमेड बघितले. दोन रविवार, तीन दुकानं. तिथे कळलेली गोष्ट अशी, की रेडीमेड सुटात कोटाची छाती आणि पँटची कंबर यांत सहसा सहा इंचांचा फरक धरलेला असतो. म्हणजे छाती ३८ तर कंबर ३२. माझी छाती ३८ आणि कंबर ३६. (पाच वर्षं हिंजवडीत खुर्चीवर बसून दुसरं काय होणार?) पँट एक वेळ सैल करून मिळते, बाहीही कमी-जास्त होते. पण कोटाची कॉलर मागे मानेपासून दोन बोटं उभी राहायची आणि उजव्या खांद्याखाली चुणी पडायची, ती काही जाईना. सेल्समन म्हणाला, "सर, जरा ताठ उभे राहा ना." ताठ राहिलो की चुणी गायब. श्वास सोडला की हजर. खांदा हा कोटाच्या आर्किटेक्चरचा भाग आहे, नंतर पॅच मारून तो दुरुस्त होत नाही.

म्हणजे शिवूनच घ्यायला हवा. आणि इथे खरा गुंता होता, कारण पारोळ्यात शिवायचं म्हणजे नानांकडे.

नाना आमचे पिढीजात टेलर. माझ्या शाळेच्या पहिल्या खाकी चड्डीपासून सगळं त्यांनी शिवलेलं, तेही 'वाढत्या अंगाचं', आत तीन इंच कापड दुमडून. दर जूनमध्ये एक दुमड उसवायची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी काळा कोट त्यांनीच शिवला होता. कुठल्या कंपन्या येणार विचारलं तेव्हा मी रुबाबात विप्रोचं नाव घेतलं, तर म्हणाले, "ती तर अमळनेरनी तेलनी गिरणी!" मी हसलो. नंतर कळलं की म्हातारा बरोबर होता. १९४५ साली विप्रो सुरू झाली ती अमळनेरला, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून, आमच्यापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर. असो.

आता नाना पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, पण हात थरथरतो. गेल्या दिवाळीत वडिलांचा शर्ट शिवला, त्याच्या कॉलरची दोन टोकं दोन दिशांना. वडील तो निमूट घालतात. लग्न ठरल्यावर मी घरी गेलो तेव्हा नाना ओट्यावरच बसलेले. "काय रे भाऊ, लगीन ठरनं म्हने? आन कापड, शिवी देसू." वडील शेजारी उभे, तेही म्हणाले, हो हो, देऊ ना.

मी म्हणालो, "नाना, सूट पुण्यालाच घेतला."

सरळ खोटं. घरी आल्यावर वडील रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत.

नवे टेलर दोनच गल्ल्या पलीकडे. मास्तर चाळिशीचे. अकरा वर्षं सुरतेत कोटाच्या कारखान्यात कटिंग करून, आई एकटी पडली म्हणून गावी परतलेले. सव्वातीन मीटरची सूट लेंथ मी जळगावहून आणली (रेमंडची गिरणीच जळगावात आहे, तेव्हा कापडासाठी पुण्याला जाणं म्हणजे उलटा प्रवास) आणि मागच्या बोळातून, नानांच्या दुकानावरून जावं लागू नये अशा बेताने मास्तरांकडे गेलो. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, हातात कापडाची पिशवी लपवून चाललाय!

टेप बघितल्याबरोबर मी छाती काढून उभा राहिलो. मास्तरांनी टेप परत गळ्यात घातली. "बसा. चहा घ्या. काम काय करता?"

म्हटलं, कॉम्प्युटरवर. मग ते लग्न कुठे, मुलगी कुठली, असं काहीबाही विचारत राहिले. मी उभा राहून बोलत होतो आणि ते एकदा बाजूने, एकदा मागून बघत माझ्याभोवती फिरत होते. मध्येच टेप लावली. मी पुन्हा ताठ. तेव्हा म्हणाले, "भाऊ, ताठ उभं राहून माप दिलं, तर रिसेप्शनला तीन तास ताठच उभं राहावं लागेल. जमेल?"

मग त्यांनी जे सांगितलं ते कुणी इतकं सरळ तोंडावर सांगितलं नव्हतं. मान पुढे आलीय. पाठीला बाक आहे, त्यामुळे कोटाची पाठ लांब आणि पुढची बाजू थोडी आखूड कापावी लागेल. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. रेडीमेडच्या कॉलरचं कोडं दहा मिनिटांत सुटलं. आमचा लंडनचा क्लायंट सारखं 'बिस्पोक सोल्युशन' म्हणत असतो. तो शब्द तिकडच्या शिंप्यांचाच, गिऱ्हाइकाच्या नावाने 'बोलून ठेवलेलं' कापड या अर्थाचा. आम्ही मात्र दर वेळी जुनंच मॉड्यूल रंग बदलून देतो आणि क्लायंटला सांगतो, सर, जरा ताठ उभे राहा.

"चांगला बसणारा जुना कोट असेल तर उद्या आणा," मास्तर म्हणाले.

इंटरव्ह्यूचा काळा कोट आईने ट्रंकेतून काढून दिला. मास्तरांनी तो मला घालायला लावला. आता पोटावर बटण लागत नव्हतं, पण खांदे बरोबर बसत होते, कॉलर मानेला चिकटून. मग ब्लेडने खांद्याजवळचं अस्तर उसवलं आणि मला बोलावलं. डाव्या खांद्यात एक पॅड. उजव्या खांद्यात तसंच पॅड, आणि त्याखाली आणखी एक पातळ थर, हाताने टाचलेला.

"ज्याने शिवला त्याला सगळं दिसलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही एवढंच. कोणी शिवला?"

मी सांगितलं.

"नानांनी? मग माझ्याकडे कशाला आलात?"

मी डोळ्यांचं सांगितलं, हाताचं सांगितलं. पुण्याचं जे सांगून बसलो होतो तेही सांगितलं. मास्तर काही बोलले नाहीत. उसवलेलं अस्तर तिथेच बसून हाताने परत शिवलं आणि कोट घडी करून दिला.

सुटाचं पुढचं काम रीतसर झालं. दोन ट्रायल झाल्या. पहिली कच्च्या टाक्यांची, त्यात एकच बाही लावलेली. मास्तरांनी तीही खडूने खूण करून माझ्यासमोर उपटली आणि अर्धा इंच पुढे फिरवून लावली, कारण माझे हातही म्हणे पुढे लोंबतात. पुढच्या भागात गोंदाने चिकटवायच्या फ्यूजिंगऐवजी कॅनव्हास घातला. उन्हाळा म्हणून अस्तर पाठीत अर्धंच. दोन वेळा पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून आलो. शेवटी आरशासमोर मुद्दाम खांदे पाडून, ऑफिसात बसतो तसा उभा राहिलो. एक चुणी नाही.

रिसेप्शनला नाना आले. स्वच्छ धोतर, टोपी, नातवाचा हात धरून स्टेजवर चढले. वडिलांनी पुढे होऊन त्यांना हात दिला. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला आणि मग माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, पण बोटं पॅडच्या कडेवरून नीट फिरली. मग डावा खांदा. मग कोटाची कडा उलटून डोळ्यांजवळ नेली. मागे पाकिटं घेतलेल्यांची रांग खोळंबली होती आणि फोटोग्राफर "काका, इकडे बघा" म्हणत होता.

"खांदा बराबर शे," नाना म्हणाले. "काज मशीननं शे."

मी म्हटलं, "हो नाना."

"पुन्याले काज हाते करतस नही का रे?"

मी बुटांकडे बघत राहिलो. नानांनी हिच्या हातात पाकीट दिलं आणि नातवाला विचारलं, जेवण कोठे शे?