कौलं, गरी आणि वीस दिवसांची सुट्टी

तुमच्यापैकी किती जणांचं गावाकडे एखादं बंद घर आहे? किल्ली तुमच्याकडे, घरपट्टी तुम्हीच भरता, दर वर्षी म्हणता, "या मे महिन्यात नक्की जाऊ." असेल, तर पुढची गोष्ट तुम्हाला निम्मी आधीच माहीत आहे.

आम्ही नोएडात चौदाव्या मजल्यावर राहतो. माझं माहेर रत्नागिरीजवळ, काजळी नदीच्या काठी. भरतीला भाट्याच्या खाडीचं पाणी तिथपर्यंत चढतं. आई गेल्यापासून अण्णा आमच्याकडेच असतात. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात फणसाची मोठी फांदी मागच्या पडवीवर पडली. तेव्हापासून त्या जागी ताडपत्री होती. ताडपत्रीवर चार पावसाळे काढले आम्ही.

पुण्याचा दादा स्पष्ट म्हणायचा, "विकून टाकू. कोण जाऊन राहणार आहे?" तो चुकीचं बोलत नव्हता. मी मनातून अर्धी त्याच्या बाजूला होते. आमचं दोघांचं ठरलं की आधी छप्पर दुरुस्त करून घ्यायचं, शाकारलेल्या घराला भावही बरा येतो. अण्णांना आम्ही यातलं फक्त छपराचं सांगितलं.

२०२५ च्या मे महिन्यात मुलीची शाळा बंद झाली आणि आम्ही निजामुद्दीनहून मंगला एक्स्प्रेसमध्ये बसलो. मला आठ दिवसांची रजा मिळाली होती, बाकीचे दिवस तिथूनच काम करायचं होतं. हिशोब सोपा होता. कोकणात पाऊस सात-आठ जूनच्या सुमाराला येतो, म्हणजे कामाला तीन आठवडे. (आमच्याकडे नोएडात हिवाळ्यात हवा बिघडली की ग्रॅपच्या नियमाखाली बांधकामच बंद पडतं. तिथे धूर, इथे पाऊस. घर दुरुस्त करणाऱ्याला मोकळे दिवस कुठेच फार मिळत नाहीत.)

पहिले दोन दिवस नुसती झाडलोट. तिसऱ्या दिवशी सुताराने वर चढून वाशांना कोयता टोचून पाहिला. पडवीचे नऊ वासे वाळवीने पोकळ केले होते. मुलगी खाली उतरवलेली कौलं रचत होती. एका कौलाच्या पाठीवर तिला "अल्बुकर्क अँड सन्स, १८६८" असे ठसे सापडले. ती धावतच आली, "मम्मा, ये कौल डेढ सौ साल पुराना है!" अण्णा हसले. ते साल कौलाचं नव्हे, मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं. कौलांचा पहिला कारखाना मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला, त्यानंतर तीन वर्षांनी हा. मुलीचा चेहरा पडला, पण ते कौल तिने वेगळं ठेवलं ते ठेवलंच.

आता मासेमारीचं सांगते. माझा नवरा मेरठचा. मासे म्हणजे चित्तरंजन पार्कच्या बाजारात जाऊन, काटे काढून घेऊन यायची वस्तू, एवढंच त्याचं ज्ञान. पण निघण्यापूर्वी त्याने रीळवाली चकचकीत काठी ऑनलाइन मागवली होती. सोळा मेला सकाळी त्याने विचारलं, "अण्णा, पाणी कधी भरेल?" अण्णांनी विचारलं, "आज तिथी काय?" संकष्टी होती. "चार. चाराचे पाऊणपट तीन. तीनला भरती." नवऱ्याने मोबाइलवर पाहिलं, जवळपास तीच वेळ होती. तो अर्धा तास मोबाइलकडे आणि अण्णांकडे आळीपाळीने बघत राहिला.

तुम्हीही करून पाहा. कोकण किनाऱ्यावर तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला अकरा-सव्वाअकरा. मिनिटांचा फरक पडतो, आणि खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. रोज भरती साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा हिशोब जुळतो.

दुपारी आम्ही काठावर. रीळवाली काठी पहिल्याच फेकीत कांदळवनाच्या मुळांत अडकली आणि तिथेच राहिली. अण्णांची साधी बांबूची काठी, नायलॉनची दोरी, गरीला सोललेली कोळंबी. मुलीने पहिला मासा काढला तो शेंगटी. हात लावणार तोच अण्णा ओरडले. शेंगटीला पाठीवर एक आणि बाजूंना दोन असे तीन काटे असतात, लागले तर हात रात्रभर ठणकतो. अण्णांनी पायाने मासा दाबून धरला आणि सुरीने काटे उडवले. सत्याहत्तर वर्षांचा माणूस. नोएडात लिफ्टचं बटण दाबताना त्यांचा हात थरथरतो, इथे थरथरला नाही.

मग बाप-लेक दोघेच उरलो. दोरीवरची नजर न काढता अण्णा म्हणाले, "गिऱ्हाईक ठरलंय का?"

मी गप्प.

"नाही, सुतार विचारत होता. विकायचं असेल तर हलक्या लाकडाचे वासे घाला, पाचेक वर्षं निघतील. ठेवायचं असेल तर किंजळाचे. उगाच खर्च नको."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "अजून काही ठरलेलं नाही, अण्णा." ते म्हणाले, "मग ठरवा. त्याला उद्या सांगायचंय."

रात्री दादाला फोन केला. त्यालाही ओशाळल्यासारखं झालं असावं. "मी तेवीसला येतोय, तोवर थांबव," एवढंच तो म्हणाला. पण छप्पर उघडून कोण थांबतं? सकाळी मी सुताराला किंजळ सांगितलं. फार विचार करून सांगितलं असं नाही, तोंडातून तेच निघालं. पैसे माझ्या खात्यातून गेले आणि नवऱ्याने भुवई वर केली, पण बोलला नाही.

वीस तारखेला दुपारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. आमच्याकडे नेटवर्क फक्त ओटीच्या उजव्या कोपऱ्यात येतं, तिथे उलट्या पाटीवर लॅपटॉप. आभाळ काळं झालं आणि पाचव्या मिनिटाला पाऊस कोसळला. पडवीचं छप्पर अर्धं उघडं. वरिष्ठांचा प्रश्न अर्ध्यात टाकून मी ताडपत्री धरायला धावले. शेजारच्या काकू, त्यांच्या दोन्ही सुना, माझा नवरा, मुलगी, सगळे चार टोकं ओढतोय आणि अण्णा ओटीवरून सूचना देतायत. परत आले तर मीटिंग चालूच होती. माझा माइक बंद करायचा राहिला होता. "इट साउंड्स बिझी देअर," असं कुणीतरी म्हणालं. काकूंचं मालवणी-रत्नागिरी मिसळीतलं बोलणं कुणाला कळलं नसावं, ही देवाची कृपा.

तो पाऊस वळवाचा नव्हता. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होत होता. सुताराने आपले दोन भाऊ आणले, तेवीसला संध्याकाळी शेवटची ओळ बसली. कोने चढवायचे राहिले होते, तिथे प्लॅस्टिक आणि वर दगड. दादा भिजतच पोचला. दुसऱ्या दिवशी, चोवीस मेला, ती प्रणाली रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर आली. पंचवीसला मोसमी पाऊस कोकणात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, नेहमीपेक्षा जवळपास दोन आठवडे आधी.

ती तेवीसची रात्र सांगायला हवी. वीज नव्हती. माडांचा आवाज, पागोळ्यांचा आवाज. दोन वाजता मला जाग आली, तर दादा टॉर्च घेऊन पडवीत फिरत होता. एकेका वाशावर उजेड टाकत, हाताने भिंत चाचपत. मला पाहून म्हणाला, "एकच ठिकाणी गळतंय." तिथे त्याने आईचं जुनं पितळी पातेलं ठेवलं होतं. आम्ही दोघं बराच वेळ त्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकत बसलो. घराबद्दल कुणीच काही बोललं नाही. मग तो म्हणाला, "किंजळ का घातलंस?" मी म्हटलं, "माहीत नाही रे." "हं," म्हणाला, आणि टॉर्च बंद केला.

पुढचे दिवस खाडी लाल पाण्याने भरून गेली, गरवणं बंद. नवरा आणि मुलगी अण्णांकडून पत्त्यांचा डाव शिकले आणि हरले. मी काम केलं, कपडे वाळवले, जे सुट्टीत कुणीही करतं ते.

एक जूनला निघालो. घराच्या दलालाचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे, दादाच्याही असेल. पण रिक्षा आली तेव्हा दादा खळ्यात सुताराबरोबर उभा होता. पुढच्या बाजूच्या वाशांना मेजपट्टी लावत होता आणि विचारत होता, "किंजळ आत्ता घेऊन ठेवलं तर वर्षभरात चांगलं वाळेल ना?"

अण्णा रिक्षात बसले होते. ऐकू कमी येतं त्यांना. आलं की नाही, मी विचारलं नाही.