न फुटणारा बुडबुडा

पाण्यावरचा बुडबुडा क्षणभंगुर, हे लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं. बुडबुडा चिरंजीवही असतो, हे एपॉक्सी रेझिनच्या नादी लागल्यावर कळलं.

तशी एपॉक्सीशी ओळख जुनी. घरात आराल्डाइटच्या दोन ट्यूब असायच्या. बाबा जुन्या पोस्टकार्डावर दोन्हींचे सारखे ठिपके काढून आगकाडीने घोटत. स्विस रसायनतज्ज्ञ पिएर कास्टान यांनी 1930च्या दशकात ज्यावर काम केलं, त्याच जातीचं हे रसायन आमच्याकडे कपाचे कान नि चष्म्याच्या काड्या जोडायचं. त्या पिवळट सांध्यात हवा अडकली का, हे कोण बघतंय? जोडलं की झालं.

लग्नानंतर म्हैसूरला, अग्रहारात आले. शिसवीत जडावकाम करणाऱ्यांचं हे शहर. राजवाड्याच्या दारांवरही ते काम आहे. लाकडात खाच कोरायची आणि नेमका तुकडा बसवायचा. ते पाहून मी शिसवीच्या तुकड्यांच्या भेगांत पारदर्शक रेझिन भरू लागले. पारदर्शक म्हटलं की लपवायला जागाच उरत नाही.

इथे पंचाईत अशी, की कमी ढवळलं तर रेझिन चिकट राहतं आणि जोरात ढवळलं तर हवा शिरते. बुडबुड्याचा व्यास दुप्पट असेल तर तो चौपट वेगाने वर येतो. म्हणजे मोठे आपसूक निघून जातात, अडकतात ते बारीक. म्हणून तीन ते पाच मिनिटं, कडा आणि तळ खरवडत, सावकाश ढवळायचं. डिसेंबरच्या गारठ्यात रेझिनची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली की ते पातळ होतं; मात्र घट्टही लवकर होतं.

लाकूड हा दुसरा चोर. त्याच्या छिद्रांतली हवा ऊन वाढलं की फुगून बाहेर येते. त्यामुळे आधी रेझिनचा पातळ हात देऊन छिद्रं बुजवायची आणि भर दुपार कलल्यावर, लाकूड निवत असताना, बारीक धारेने ओतायचं.

टॉर्चची ज्योत पृष्ठभागावरचेच बुडबुडे फोडते, तळातले नाही. तीही एका जागी धरली तर रेझिन करपतं.

नव्याने सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन: टॉर्च घेण्याआधी लाकूड सील करा, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि ओतताना घरातून कुणी हाक मारली तर खुशाल ओ देऊ नका.